काका, लिनियर घेऊ का?

विक्रोळी पूर्वेला, कन्नमवार नगरातल्या एका जुन्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर वीस मीटर लांबीची तांब्याची तार ताणलेली आहे. एक टोक पाण्याच्या टाकीला, दुसरं जिन्याच्या खोलीवर उभ्या केलेल्या बांबूला. मधोमध पांढऱ्या प्लास्टिकचा तुकडा आणि तिथून भिंतीला धरून खाली उतरणारी काळी केबल. पहिल्यांदा ही तार हाताला लागेल एवढ्या उंचीवर होती, तेव्हा इमारतीतल्या बायकांनी तिच्यावर बिनदिक्कत गोधड्या वाळत घातल्या. आता बांबू उंच झालाय आणि तार कोणाची, कशाची हेही सगळ्यांना ठाऊक झालंय.

तार तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीची. नोकरी पवईतल्या एका आयटी कंपनीत, छंद हॅम रेडिओचा. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी नावाची शाखा परीक्षा घेते. पास झालं की परवाना आणि ‘व्हीयू’ने सुरू होणारा कॉलसाइन मिळतो, मग घरातल्या सेटवरून जगभरातल्या अशाच परवानाधारकांशी बोलता येतं. मध्ये मोबाइलचा टॉवर नाही, इंटरनेट नाही. आपला सेट, आपली तार आणि लहरी परत खाली वळवणारा वातावरणातला वरचा थर, आयनोस्फिअर. बाजारात मिळणारे बहुतेक सेट शंभर वॅटचे असतात. त्या शंभराचे कित्येक पट करून तारेत सोडणारा वेगळा डबा म्हणजे ॲम्प्लिफायर. हॅम मंडळी त्याला ‘लिनियर’ म्हणतात.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘आवाज’ हा विषय दिला. फटाके, डीजे आणि भोंगे यांवर लिहिणारे पुष्कळ असणार, हे उघड होतं. मला या गच्चीवरचा प्रश्न जास्त जवळचा वाटला: आपला आवाज दूर पोचत नसेल तर तो मोठा करावा का, आणि करायचा तर कितीने?

“काका, दिवाळीचा बोनस आलाय. लिनियर घेऊ का?” असं तिनं माझ्यासमोरच विचारलं. काका म्हणजे टागोर नगरातले तिचे गुरू. सत्तरीच्या पुढचे. उभी हयात विक्रोळीतल्या कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली.

“घे की,” काका म्हणाले. “पण आधी उद्या सकाळी साडेसहाला सेट लाव. मी येतो.”

शंभराचे पंचवीस

सकाळच्या त्या वेळेला चाळीस मीटर बँड, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या आसपासची जागा, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात बोलायला उत्तम. कोल्हापूरचे एक ओळखीचे हॅम सापडले. चहा झाला का, पाऊस थांबला का, ऊस कधी तुटणार, इथपर्यंत गप्पा गेल्यावर काकांनी हात पुढे करून सेटची पॉवर शंभरावरून पंचवीस वॅटवर आणली आणि तिला खुणेनं म्हणाले, विचार.

“आता कशी येत्येय मी?”

“थोडी खाली गेलीस. मघाशी नऊ होतीस, आता आठ म्हण. पण सगळं कळतंय की!”

काकांनी पॉवर पुन्हा वर केली. “हे एक घर गेलं ना, तेवढंच एक घर लिनियर घेऊन वर चढेल. शंभराचे पंचवीस केले तर चौथा हिस्सा. शंभराचे चारशे केले तर चौपट. समोरच्याला फरक सारखाच. पैसे न घालवता दाखवलं तुला.”

ॲम्प्लिफायर घ्यावा का, या प्रश्नावर मी वाचलेल्या सगळ्या पानांपेक्षा ही दोन मिनिटं मोलाची होती. आपल्या कानाचा आणि रिसीव्हरचा हिशेब बेरजेचा नसतो, गुणाकाराचा असतो. पॉवर दुप्पट झाली की सिग्नल तीन डेसिबलनं वाढतो, चौपट झाली की सहा. रिसीव्हरवर सिग्नल दाखवणारं जे एस-मीटर असतं, त्याचं एक घर म्हणजे ठरलेल्या मापानं सहा डेसिबल. सेटासेटात ही घरं थोडी इकडेतिकडे होतात, पण शंभराचे दोनशे केले तर अर्धं घर आणि चारशे केले तर एक घर, हा हिशेब चुकत नाही.

हेच एक घर दुसऱ्या वाटेनंही चढता येतं. दहा मीटर बँडवर साध्या तारेऐवजी तीन कांड्यांचा यागी ॲन्टेना लावला, तर ज्या दिशेला तोंड करू तिकडे सिग्नल जवळपास तेवढाच वाढतो. शिवाय यागी ऐकतोही तेवढाच जास्त. लिनियर फक्त बोलतो. वीस मीटरची तार आपण हलवू शकत नाही हे खरं, पण तिच्यापर्यंत जाणारी केबल तरी धड आहे का? तिच्याकडे होती तीस मीटर आरजी-५८, पेन्सिलीपेक्षा बारीक. अठ्ठावीस मेगाहर्ट्झवर, म्हणजे याच दहा मीटर बँडवर, या केबलीत शंभरातले चाळीसेक वॅट नुसते गरम होण्यात जातात. जाड आरजी-२१३ घातली तर वीस-बावीस जातात. म्हणजे आधी गळकी पाइपलाइन बदलायची, मग मोटर मोठी करायची, एवढी साधी गोष्ट.

मग लिनियर घेणारे सगळे वेडे का? मुळीच नाही. कोल्हापूरच्या गप्पांत एक घर गेलं तरी बिघडत नाही, कारण सिग्नल भरपूर होता. पण ब्राझीलचा एखादा हॅम खरखराटाच्या काठावरून ऐकू येतोय, मध्येच खाली जातोय, आणि त्याच्या एका उत्तरासाठी जपानपासून इटलीपर्यंतचे शंभर जण एकाच वेळी हाका मारतायत, तेव्हा ते एक घर म्हणजे कॉलसाइन पूर्ण कळणं आणि न कळणं यातलं अंतर असतं. सूर्यावरच्या डागांचं पंचविसावं चक्र २०२४ मध्ये शिखराच्या टप्प्यात पोचल्याचं ऑक्टोबरमध्ये जाहीर झालं. अशा दिवसांत दहा मीटरवर दहा वॅटमध्ये जग फिरता येतं. चक्र उतरणीला लागलं की हा बँड आधी मिटतो आणि मग प्रत्येक डेसिबलची किंमत कळायला लागते.

उलट बाजूही आहे. भौतिकशास्त्राचं नोबेल १९९३ मध्ये मिळवणारे जोसेफ टेलर हे स्वतः हॅम. त्यांनी आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये ‘एफटी-८’ ही संगणकी पद्धत आणली. कानाला जिथे नुसता खरखराट ऐकू येतो तिथून ती कॉलसाइन उपसून काढते. ती वापरणाऱ्याला वीस-तीस वॅट पुरतात. म्हणून काका पहिला प्रश्न विचारतात तो “किती वॅट हवेत?” असा नसतोच. “तुला करायचंय काय?” असा असतो.

परवान्यातले चारशे

कॅटलॉग उघडला की हजार आणि दीड हजार वॅटचे डबे खुणावतात. ते अमेरिकेच्या बाजारासाठी बनतात, तिथे दीड हजारांपर्यंत मुभा आहे. आपल्याकडे जनरल ग्रेडच्या परवान्याला एचएफवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर, चारशे वॅट आणि रिस्ट्रिक्टेडला पन्नास. जनरलसाठी मिनिटाला आठ शब्दांची मोर्सची परीक्षा द्यावी लागते. ती तिनं लोकलमध्ये हेडफोनवर सराव करून दिली. रिस्ट्रिक्टेडवाल्यानं लिनियरचं नावच काढू नये. दीड हजाराचा डबा आणून तो चारशेवरच चालवतो असं सांगणारे भेटतात. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, दुसरं काय.

मर्यादेचं ओझं वाटून घ्यायचं कारण नाही. चारशेवरून दीड हजारावर जाणं म्हणजे पुन्हा एक घरसुद्धा नाही. आणि वायरलेस म्हटलं की सरकारचे कान टवकारतात, याला मुंबईत जुना इतिहास आहे. १९२३ च्या जूनमध्ये रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेनं इथे पहिलं प्रक्षेपण केलं, तेही हौशी मंडळींच्याच उत्साहातून. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि हौशी परवाने रद्द होऊन ट्रान्समीटर जमा करायचा हुकूम निघाला. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालू केला, तेव्हा ट्रान्समीटर उभा करणारे नरिमन प्रिंटर याच हौशी जगातले. काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्या शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींवरही त्या प्रकरणात खटला भरला गेला. पोलिसांचा छापा १२ नोव्हेंबरला पडला. प्रिंटर माफीचे साक्षीदार झाले, हाही त्याच कहाणीचा भाग. मला गंमत वाटली ती आकड्याची. काँग्रेस रेडिओ स्वतःची ओळख ४२.३४ मीटर अशी सांगत असे. त्याची फ्रिक्वेन्सी काढली तर ७.०८ मेगाहर्ट्झ येते. आज आपल्याकडे ७.० ते ७.२ हा हौशींचा बँड आहे. कोल्हापूरकरांशी उसाच्या गप्पा चालल्या होत्या त्या याच आळीत.

खरखराट कुठून येतो

तिच्या सेटवर चाळीस मीटरला एस-मीटरची सुई सातच्या खाली उतरत नव्हती. कोणी बोलत नसतानाही सात. म्हणजे ज्याचा सिग्नल सहा घरांचा आहे, तो तिच्यासाठी नाहीच. अशा घरात लिनियर आणला की काय होतं? आपण ऑस्ट्रेलियाला ऐकू जातो, ऑस्ट्रेलिया उत्तर देतो, आणि आपण पुन्हा हाक मारत राहतो. हवेत यासारखी दुसरी शोभा नाही.

विक्रोळीत खरखराटाचं खापर सगळे एकाच जागी फोडतात: खाडीकडून येणाऱ्या विजेच्या तारांवर. उच्च दाबाच्या वाहिन्या इथे आहेतच. २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनीही सुरू झाली. काकांनी मात्र आधी बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ सात मेगाहर्ट्झजवळ लावला आणि तिच्या घराचा मेन स्विच पाडला. खरखर निम्मी झाली. मग एकेक एमसीबी वर. बैठकीची खोली, काही नाही. स्वयंपाकघर, काही नाही. बेडरूमचा वर केला आणि रेडिओ गुरगुरायला लागला. मोबाइलचा स्वस्तातला चार्जर, सॉकेटात कायमचा खोचलेला. पुढे रेडिओ हातात धरून जिना उतरलो. प्रत्येक मजल्यावरच्या एलईडी दिव्याखाली गुरगुर वाढत होती, दोन दिव्यांच्या मध्ये ओसरत होती. विजेच्या तारांवर ठिणगी उडत असेल तर एकसुरी, जाडसर गुणगुण ऐकू येते आणि ती पावसात बदलते. दिव्यांतल्या आणि चार्जरमधल्या स्विचिंग सर्किटांचा आवाज वेगळा. डायल फिरवला की ठरावीक अंतरानं फुगवटे येतात आणि घटकाभरात जागा बदलतात. इथे ते फुगवटे होते. खाडी निर्दोष सुटली.

जिन्यातले दिवे तिनं स्वतःच्या पैशानं बदलले, चांगल्या कंपनीचे घातले. सेक्रेटरींना आनंदच झाला. चार्जर फेकला. पाण्याच्या पंपाच्या वायरीवर खरखर अडवणारी फेराइटची कडी अडकवली. सुई चारवर आली. तीन घरं! चारशे वॅटचा डबा एकच घर देतो, आणि ते समोरच्याला.

काच की सिलिकॉन

एवढं सगळं करूनही लिनियर हवासा वाटला, तर प्रश्न येतो कोणता. इथे काकांचा चेहरा खुलतो. त्यांनी तरुणपणी लॅमिंग्टन रोडवरून जुने ८०७ व्हॉल्व्ह आणून पत्र्याच्या चेसिसवर ॲम्प्लिफायर बांधला होता. रस्त्याचं नाव केव्हाच भडकमकर मार्ग झालं, पण तिथे जाणारा अजून लॅमिंग्टनलाच जातो.

व्हॉल्व्हचा लिनियर म्हणजे भक्कम जनावर. ८११ए चे तीन व्हॉल्व्ह असलेला डबा सहाशे वॅटचा म्हणून विकला जातो, म्हणजे आपले चारशे तो मान न टाकता देतो. ॲन्टेना जरा बिघडला, सेटकडून चुकून जास्त पॉवर (ड्राइव्ह) आत गेली, तर काचेच्या आतली प्लेट लाल होते, आपल्याला दिसते आणि हात मागे घ्यायला वेळ मिळतो. पण बँड बदलला की ‘प्लेट’ आणि ‘लोड’ या दोन नॉबांशी झटापट. वजन पंधरा किलो, कारण पोटात ट्रान्सफॉर्मर. आणि त्या ट्रान्सफॉर्मरमागे दीड हजार व्होल्टची डीसी. मोठ्या ३-५००झेड व्हॉल्व्हच्या डब्यात ती अडीच-तीन हजारांच्या घरात असते. स्विच बंद केला, प्लग काढला, तरी कपॅसिटरांत ती बसून राहू शकते. काका झाकण उघडायच्या आधी प्लग डोळ्यांसमोर ठेवतात, मीटर शून्यावर येईपर्यंत थांबतात, मग लांब दांडीच्या अर्थिंगच्या हुकानं प्लेटची जोडणी चेसिसला टेकवतात आणि तेव्हाही डावा हात पँटच्या खिशात. एका हातातून दुसऱ्या हातात करंट जाताना वाटेत काळीज लागतं. “आम्हाला हे फोरमननं शिकवलं. तुला कोण शिकवणार? यूट्यूब?”

जुना व्हॉल्व्हचा डबा स्वस्तात मिळाला म्हणून पहिल्याच खेपेला घेऊ नये, असं माझंही मत झालं. स्वस्त पडतो तो विकणाऱ्याला.

ट्रान्झिस्टरचा लिनियर शहाणा असतो. ट्यूनिंग नाही, चालू केला की तयार, एलडीएमओएस जातीचे नवे ट्रान्झिस्टर पन्नास व्होल्टवर चालतात, त्यामुळे जीवघेणी डीसी नाही. पण तो रागावला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत जळतो. म्हणून किंमत ट्रान्झिस्टरची नसते, त्याला वाचवणाऱ्या सर्किटाची असते: उलट येणारी पॉवर मोजून क्षणात तोडणारं, तापमान बघणारं, जास्त ड्राइव्ह ओळखणारं. चीनहून येणाऱ्या स्वस्त किटांत नेमकं तेच नसतं. दुसरं नसतं ते फिल्टर. सात मेगाहर्ट्झवर बोलताना ॲम्प्लिफायर चौदा आणि एकवीसवरही थोडं थोडं बोलतो. प्रत्येक बँडचा वेगळा लो-पास फिल्टर हे बोलणं गिळतो. फिल्टरशिवायचं किट घेणारा स्वतःपुरता आनंदी असतो, बाकीचा बँड त्याला शिव्या घालतो.

गाडीत लावायच्या, बारा व्होल्टवरच्या ‘तीनशे वॅट’च्या विटाही मिळतात. त्यांतल्या बऱ्याच एफएमपुरत्या. आत गेलेला आवाज जसाच्या तसा मोठा न करता त्याच्या कडा कापतात. त्यावर एसएसबीत, म्हणजे शॉर्टवेव्हवर बोलायच्या नेहमीच्या पद्धतीत, बोललात तर शेजारच्या पाच फ्रिक्वेन्सींवर तुमचा फाटका आवाज पसरतो. शिवाय बारा व्होल्टवरून चारशे वॅट काढायचे तर पन्नास-साठ अँपिअर लागतात. तेच २३० व्होल्टवर तीन-चार अँपिअरमध्ये भागतं. जुन्या इमारतीत गिझरच्या सॉकेटाची स्वतंत्र जाड वायर असेल, तर तिथूनच घ्यावं, दिव्याच्या सॉकेटातून कधीच नाही.

एफटी-८ करणाऱ्यानं आणखी एक बघावं. बोलताना आपण शब्दांमध्ये थांबतो, ॲम्प्लिफायरला श्वास मिळतो. एफटी-८ मात्र आपल्या पाळीच्या पंधरा सेकंदांतले साडेबारा-पावणेतेरा सेकंद पूर्ण ताकदीनं ओढतं. कागदावर सहाशे वॅटचा असलेला डबा तिथे दोनशेवरच चालवायचा असतो, नाहीतर ८११ए मेणासारखे वाकतात.

बनवता येत असेल तर बनवावा, हा काकांचा जुना आग्रह. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी २००३ मध्ये ‘बिटएक्स’ हा घरी बांधायचा सेट मांडला, तेव्हा परदेशी टोरॉइड, म्हणजे कॉइल गुंडाळायची कडी, मिळत नाही म्हणून नळाच्या प्लास्टिकच्या वायसरवर कॉइल गुंडाळली. ते पाच-सहा वॅट होते. चारशेला वायसर पुरत नाही. पण ज्यानं पाच वॅटचा ॲम्प्लिफायर हातानं बांधलाय, त्याला चारशेचा विकत घेताना दुकानदार फसवू शकत नाही.

तिसऱ्या मजल्यावरचा टीव्ही

शहरात लिनियरचा खरा कस लागतो तो भिंतीपलीकडे. शंभर वॅटला गप्प असलेला शेजारचा होम थिएटर चारशेला बोलायला लागतो, व्हिडिओ डोअरबेल आपोआप वाजते. दोष बहुतेक वेळा त्या उपकरणाच्या लांब वायरींचा असतो, त्या ॲन्टेनासारखं काम करतात. वायरीचे फेराइटच्या कड्यातून पाच-सात वेढे घेतले की प्रश्न सुटतो. पण सोसायटीत तांत्रिक बाजू कोणाची बरोबर, यानं काही ठरत नाही. रात्रीच्या मालिकेच्या वेळी टीव्ही अडकला, एवढंच ठरतं.

ज्याला गच्ची नाही, त्याला लिनियरचा मोह सगळ्यात जास्त. बाल्कनीच्या ग्रिलला लावलेला आखूड ॲन्टेना नीट पोचत नाही, मग पॉवर वाढवू, असा विचार येतो. आणि लिनियर सगळ्यात कमी झेपतो तोही त्यालाच. चारशे वॅटचा ॲन्टेना झोपायच्या खोलीपासून दोन मीटरवर असणं हे माणसांच्या दृष्टीनंही बरं नाही. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा घातलेल्या आहेत. आणि वायरींचं जाळं तर हाताच्या अंतरावर. अशानं पन्नास वॅट आणि एफटी-८ यांत सुख मानावं.

संकटकाळाचा मुद्दा लिनियरच्या बाजूनं नेहमी मांडला जातो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, उपनगरांत ठिकठिकाणी वीज गेली, मोबाइल मुके झाले. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ मध्ये, हॅम मंडळींनी संदेशवहनाला हात दिला होता. पण वीज गेली की २३० व्होल्टचा लिनियर नुसतं वजन. तेव्हा कामाला येतो तो गाडीच्या बॅटरीवर चालणारा शंभर वॅटचा सेट आणि पटकन बांधता येणारी तार.

बोनसचं काय झालं

तिनं आरजी-२१३ घेतली, चांगले कनेक्टर घेतले, खाडीच्या खाऱ्या हवेसाठी जोडांवर गुंडाळायची रबरी टेप घेतली. बांबूच्या जोडीला जीआयचा पाइप आला. उरलेल्या पैशांत दोन कांड्यांचा छोटा यागी, दहा मीटरसाठी, हातानं फिरवायचा. त्यावर तिनं शंभर वॅटमध्ये अर्जेंटिना घेतलं आणि काकांना फोन करून रात्री साडेअकराला उठवलं. लिनियर घ्यायचाच तर पाच-सहाशे वॅटचा, ट्रान्झिस्टरचा, संरक्षण आणि फिल्टर आतच असलेला, आणि तो चारशेवर चालवायचा, असं दोघांचं ठरलंय. व्हॉल्व्हचा काकांकडे शिकायचा, पण विकत घ्यायचा नाही. घेण्याची वेळ मात्र ठरत नाही, कारण इमारत पुनर्विकासात जाणार आहे.

कन्नमवार नगरात एकामागून एक जुन्या इमारती पडून टॉवर उभे राहतायत. नव्या टॉवरची गच्ची कोणाची, तिथे सोलर, टाक्या आणि लिफ्टची मशिनं यांतून जागा किती उरणार, घर विसाव्या मजल्यावर मिळालं तर ठीक, चौथ्यावर मिळालं तर केबल किती मीटर, हे सगळं अधांतरी आहे. सोसायटीच्या सभेत लोक चटई क्षेत्र, भाडं आणि पार्किंग यांवर भांडत होते. तिनं हात वर करून सांगितलं की घरापासून गच्चीपर्यंत एक मोकळा पाइप आणि गच्चीवर ॲन्टेना लावायची मुभा हे करारात लिहून हवं. सेक्रेटरींनी मागण्यांच्या यादीतून डोकं वर काढून विचारलं, “किती इंची?”

“दोन इंची,” ती म्हणाली. “आणि शक्यतो वळणं नकोत.”